राखण्याची झोप

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते धाकट्या भावानं ठेवलं, तो बोबडं बोलणं सोडून नीट चिडवायला शिकला तेव्हा. भित्री भागूबाई. पुढे 'भित्री' गळून पडलं आणि भागूबाई तेवढी उरली. माहेरी उरली, सासरी पाठोपाठ आली, आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला नोकरी लागली तेव्हा तिच्या आधी जाऊन खुर्चीत बसली. पगाराच्या कागदावर खरं नाव असायचं. ते वाचून शिपाई विचारायचा, "ह्या कोण नवीन?"

नाव मात्र तिला शोभायचं. बाई ताकही फुंकून पिणारी. गॅसची कळ बंद केली की पुन्हा हात लावून बघायची, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून मागे फिरून तिसऱ्यांदा. नळ इतके आवळायची की सकाळी दात घासायला गेलेला नवरा दोन्ही हातांनी झटापट करायचा. नवरा शिंपी, जिभेला कात्रीची धार. "अगं, पाणीखात्यात आहेस ना तू? मग घरात पाण्याशी वैर का?" असं म्हणायचा. ती तरीही नळ पुन्हा आवळायची. रात्री कडी घातल्यावर दार ओढून बघायची, आणि तोही ते ओढणं ऐकल्याशिवाय झोपायचा नाही, इतकी सवय झाली होती त्याला.

हे सगळं एका उघड्या दारातून आलं होतं. आई धुलाईच्या कारखान्यात चादरी उकळायला जायची आणि रांगता भाऊ हिच्या ओटीत टाकून जायची. ही स्वतः शाळकरी पोर. एका दुपारी तिनं दार नुसतं लोटलं, कडी घातली नाही. बाहुलीचे केस विंचरून मान वर केली तर खोलीत भाऊ नाही. तो सापडला अंगणातल्या हौदाच्या काठावर. पोटावर पालथा, दोन्ही हात पाण्यात, आणि खिदळतोय. पडला नाही. पडला असता. बाकीची माणसं 'नाही'पाशी थांबली, हसली, विसरली. ही आयुष्यभर त्या 'असता'मध्ये राहिली.

भावाला त्या दुपारचं काही आठवायचा प्रश्नच नव्हता, पण पाण्याची ओढ काही सुटली नाही. मोठा होऊन तो पाणबुड्या झाला. म्हणजे अंगाला घट्ट रबरी पोशाख, तोंडावर मुखवटा, हवेची नळी, कमरेला दोर, आणि काम पाण्याखालचं. कुठं अडकलेली साखळी सोडव, कुठं बुडालेली बोट चाचपून ये. आणि दर थोड्या दिवसांनी पाणीखात्याच्या तळ्यातली जाळी साफ कर.

जाळीचं काम नीट समजून घ्यायला हवं. तळ्याच्या पोटात एका मोठ्या नळाचं तोंड होतं. माणूस उभा आत जाईल एवढं. तिथून पंप पाणी ओढायचा आणि टेकडीवरच्या टाकीत चढवायचा. तोंडाला लोखंडी जाळी. पंप चालू असला की ती जाळी समोर येईल ते धरून ठेवायची. शेवाळ, चिंध्या, प्लॅस्टिक, फांद्या. एकदा एक मेलेलं कुत्रं चिकटलं, ते चार माणसांनी गळ लावून ओढलं तरी सुटेना. पंप थांबवला तेव्हा आपोआप वर तरंगलं. ही गोष्ट भागूबाईला माहीत होती. नसती माहीत तर बरं झालं असतं.

कारण तो पंप तिच्या हातात होता.

कचेरीच्या मागल्या बाजूला, तळ्याकडे तोंड करून तिची खोली. एक टेबल, एक खुर्ची, वर गरगरणारा पंखा, कोपऱ्यात वॉकीटॉकी, आणि टेबलावर तो पडदा. पडद्यावर चित्रं-बित्रं काही नाहीत. काळ्या खिडक्या, त्यात हिरवी अक्षरं. टर्मिनल म्हणतात त्याला. यंत्राला जे सांगायचं ते तिथं लिहायचं, एंटर दाबायचं, की यंत्र ते करून मोकळं. 'अहो, चुकून लिहिलं' म्हणायची सोय नाही. भागूबाईसारख्या बाईला अशा ठिकाणी बसवणं म्हणजे मांजराला हौदावर झोपवणं. पण गंमत अशी की तिच्याइतकं नीट ते काम कुणालाच जमलं नाही. ती लिहायची, वाचायची, पुन्हा वाचायची, आणि मगच एंटर.

शिकवलं तिला मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिच्या आधीचे ऑपरेटर, आता निवृत्त होऊन लेकीकडे राहणारे. सगळी व्यवस्था त्यांचीच. त्यांनी एक प्रोग्राम लिहून ठेवला होता, त्याला ते 'राखण्या' म्हणायचे. राखण्याचं काम एकच. टेकडीवरच्या टाकीवर नजर ठेवायची. पाणी खाली गेलं की पंप सुरू, टाकी भरली की बंद. दिवस नाही, रात्र नाही, एका काळ्या खिडकीत तो आपला जागा.

"हे बघ," मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चालू कामाला दोन गोष्टी करता येतात. किल लिहून मारता येतं. कंट्रोल आणि झेड दाबून निजवता येतं. मेलेलं उठत नाही, निजलेलं उठतं. तू जमेल तेवढं निजवत जा. मारायची सवय वाईट."

"आणि निजलंय हे ओळखायचं कसं?"

"दुसऱ्या खिडकीतून. तिथं सगळ्या कामांची यादी मागायची. नावासमोर टी अक्षर दिसलं की समजायचं, घोरतोय."

"आणि उठवायला?"

"त्याच्याच खिडकीत एफजी लिहायचं. दोन अक्षरं. डोळे चोळत उठतो बिचारा."

मग तिनं तिच्या स्वभावाचा प्रश्न विचारला. "आणि चुकून खिडकीच बंद झाली तर?"

मास्तर हसले. "खिडकी ही आई. ती गेली की आतल्या पोरांना हाक जाते, 'घर मोडलं, चला.' आणि सगळी जातात. फक्त हा जात नाही. आमच्या एका पोरानं पूर्वी चुकून खिडकी बंद केली, राखण्या मेला, आणि सबंध गाव बादल्या घेऊन फाटकावर. शिव्या अशा, की मला नवीन कळल्या. तेव्हापासून मी ह्याच्या कानात बोळे घातलेत. घर मोडलं तरी हा जागचा हलत नाही."

तिनं ते मनात कोरून ठेवलं. खिडकी गेली तरी राखण्या जात नाही.

जाळी साफ करायची असली की राखण्याला निजवायचं, मगच पाणबुड्यानं उतरायचं, ही रीत. खरं तर नुसती तेवढीच रीत नव्हती. पंपघरात मोटारीचा मोठा खटका होता. तो खाली ओढून त्याला कुलूप लावायचं, म्हणजे राखण्या उठो की नाचो, मोटारीला वीजच नाही. पण खटक्याचा दांडा गंजून मोडला होता. नवा मागवला होता. तो आज येणार, उद्या येणार, असं चाललं होतं, आणि जाळी काही दांड्यासाठी थांबत नव्हती. मग सगळा भरवसा एका टी अक्षरावर. भागूबाईनं मोठ्या साहेबांना दोनदा सांगितलं, लेखी सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही बसलाय ना खुर्चीत? मग खटक्याला काय करायचंय?" ही स्तुती होती.

त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. भाऊ रबरी पोशाख अर्धा चढवून, बाह्या कमरेला बांधून, तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"भागूबाई, निजव तुझ्या बाळाला. मी चाललो."

"जेवलास?"

"जेवून कुणी बुडतं का? वर आल्यावर जेवीन."

"बुडतं म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? हवापालटाला चाललोय?"

"दोर तपासलास?"

"दोरकाकांनी तपासला. दोरकाकांना मी तपासलं. मला बायकोनं तपासलं. आता तू राहिलीस, तर ये, तूही तपास." त्यानं दोन्ही हात पसरले.

दोरकाका म्हणजे तराफ्यावर बसून त्याचा दोर आणि हवेची नळी धरणारा म्हातारा. बोलणं कमी, हात कासवाच्या पाठीसारखे. तो मागून म्हणाला, "चल रे. हिचं ऐकत बसलास तर तळं आटेल."

"आटलं तर बरंच," भागूबाई म्हणाली. "चालत जाऊन पुसून येईल जाळी."

भाऊ खदाखदा हसला. "ऐकलंत काका? आमची भागूबाई विनोद करायला लागली. आज नक्की काहीतरी होणार."

असं बोलू नये. पण बोलतात माणसं.

तो गेला. तिनं राखण्याच्या खिडकीत कंट्रोल-झेड दाबलं. अक्षरं थांबली. शेजारच्या खिडकीत यादी मागितली. टी. पुन्हा मागितली. टी. मग वॉकीटॉकीवर सांगितलं, "निजला. उतरू दे." तराफ्यावरून दोरकाकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग, "उतरला."

आता फक्त बसायचं. हे बसणं तिला सगळ्यात जड. वर तळं आरशासारखं, आणि आत भाऊ. टेबलावर पाण्याचा पेला. टाकीचा आकडा सावकाश उतरत होता, गाव पाणी वापरत होतं. एरवी राखण्यानं एव्हाना पंप लावला असता. निजलेला होता म्हणून गप्प.

तेवढ्यात धाकटे साहेब आले. हा नवा इंजिनिअर. मुलगा गुणी, हसतमुख. दोष एकच, की कुठंही रेलायचा. कालच्या टाकीचे आकडे बघायला म्हणून तो टेबलापाशी आला, वाकला, आणि त्याचं कोपर टेकलं ते नेमकं कीबोर्डवर. पडद्यावर झरझर अक्षरं उमटली. आणि कुठल्या खिडकीत? राखण्याच्या.

"साहेब! हात!"

"अरेच्चा, सॉरी, सॉरी काकू." तो पटकन मागे झाला. "काही झालं नाही ना?"

काही झालं नव्हतं. नुसती निरर्थक अक्षरं, एंटर नाही. तिनं एकेक पुसून काढलं. पण पुसताना त्या अक्षरांत तिला एक एफ दिसला होता. पुढे जी असता तर. आणि एंटरवर करंगळी पडली असती तर. दोन अक्षरं आणि एक बोट, एवढंच अंतर होतं राखण्याच्या झोपेत आणि जागेपणात.

पडला नाही. पडला असता.

साहेब शेजारच्या खिडकीत आकडे बघत होते, काहीतरी बोलत होते. तिला ते ऐकू येत नव्हतं. तिला ती खिडकी दिसत होती. उघडी, लखलखीत, एफजीची वाट बघणारी. जसं लोटलेलं दार, कडी न घातलेलं. आता साहेब पुन्हा रेलले तर? शिपाई टेबल पुसायला आला तर? स्वतःचाच हात घसरला तर? राखण्या निजलाय ना? मग ही खिडकी उघडी हवी कशाला? बंदच केली तर कुणाला त्याला चुकून उठवताच येणार नाही. आणि खिडकी गेली म्हणून राखण्या काही जात नाही. मास्तरांनीच सांगितलंय. निजलाय तिथंच निजून राहील. भाऊ वर आला की दुसऱ्या खिडकीतून, यादीतला त्याचा नंबर देऊन उठवू.

तिनं खिडकी बंद करायला घेतली. यंत्रानं विचारलं, आत एक काम आहे, तरीही बंद करू? तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या रीतीप्रमाणे दोन्ही वेळा नीट वाचलं. आणि हो म्हटलं.

खिडकी गेली. तिला इतकं बरं वाटलं. कडी बसल्याचा आवाजच ऐकू आल्यासारखं. तिनं पेला उचलला, घोटभर पाणी प्याली, आणि ठेवला.

पेल्यातल्या पाण्यावर एक वर्तुळ उठलं. मधून निघालं, कडेला गेलं. मग दुसरं.

तिला वाटलं, आपण आपटून ठेवला. ती वाट बघत राहिली पाणी निवळायची. पाणी निवळेना. वर्तुळं बारीक झाली, दाट झाली. मग चपलेच्या तळव्यातून तो आवाज वर आला. आवाज नव्हेच तो, नुसती थरथर, पोटऱ्यांपर्यंत चढणारी. इतकी वर्षं रोज जाणवलेली. पंप.

कळायच्या आधी अंगाला कळलं. डोळे यादीच्या खिडकीकडे गेले. राखण्याच्या नावासमोर टी नव्हता.

"पाणी ओढतंय!" वॉकीटॉकी किंचाळली. दोरकाकांचा आवाज, पण कधी न ऐकलेला. "बाई, पाणी ओढतंय! दोर ताठलाय! पंप कुणी लावला?"

"वर ओढा त्याला!"

"येत नाही! जाळीला लागलाय! बंद कर, बाई, बंद कर!"

धाकटे साहेब पांढरेफटक पडले होते. "किल करा काकू. नाइन देऊन मारा सरळ!"

तिनं लिहायला घेतलंसुद्धा. किल, पुढे नऊचा आकडा. जागच्या जागी ठार. आणि बोट एंटरवर असताना ते थांबलं. राखण्या मेला तर पंप थांबवणार कोण? पंप चालू करून दिला त्यानं, आता मोटार आपली आपण फिरते. राखणदार मेला म्हणून सोडलेला बैल थांबत नाही. आणि नुसतं सभ्यपणे थांब म्हटलं तर तो आधी नळातली झडप सावकाश मिटवत बसेल, नळाला हिसका बसू नये म्हणून. सावकाश. मास्तरांनी ते फार विचारपूर्वक केलं होतं.

"मारून नाही भागत," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखा वाटला. "आधी निजवायचा. मग पंप. नाहीतर पंप मी बंद करीन आणि हा पुन्हा लावील."

"मी पंपघरात जातो," साहेब म्हणाले आणि पळाले. मोडक्या दांड्याला काय ओढणार होते कोण जाणे, पण पळाले. बरं केलं. त्या खोलीत उभं राहणं माणसाचं काम नव्हतं.

खिडकी नव्हती, तेव्हा कंट्रोल-झेड कुठं दाबणार? यादीतून त्याचा नंबर घ्यायचा आणि नंबरानं निजवायचा. तिनं नंबर वाचला, लिहिला, एंटर. यंत्र म्हणालं, असा कुणी नाही. घाईत दोन आकडे उलटे पडले होते. वॉकीटॉकीतून दोरकाका आता शब्द बोलत नव्हते, नुसते कण्हत होते, दोर ओढणाऱ्या माणसासारखे. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. एकेक आकडा. वाचला. पुन्हा वाचला. हो, पुन्हा वाचला, भाऊ तिकडे जाळीला लागलेला असताना तिनं तो आकडा दोनदा वाचला, कारण तिसऱ्या चुकीला तिच्याकडे भाऊ उरला नसता.

एंटर. यादी. टी.

मग पंप थेट बंद करायची कमांड. झडप नाही, सावकाश नाही. एंटर.

जमिनीखालून कुणीतरी घण घातल्यासारखा दणका आला. भिंतीतला नळ ओरडला, तावदानं खळखळली, पेला टेबलावरून सरकला आणि फुटला. मग सगळं शांत. तळव्याखाली काही नाही.

वॉकीटॉकीही शांत.

"काका?"

काही नाही.

"काका, दोर?"

"सैल झाला," दोरकाका म्हणाले.

सैल. जाळीनं सोडला म्हणून सैल, की हातपाय गळलेल्या माणसाचा सैल? तिला विचारवेना. ती उभी राहिली, बसली. कीबोर्डवरून हात उचलून छातीशी धरले, पुन्हा कशाला लागायला नकोत म्हणून. यादी समोर होती. ती टीकडे बघत राहिली. पापणी लवली तर तो उठेल, असं वाटत होतं.

"आला," दोरकाका म्हणाले. आणि मग, रडत की हसत ते कळेना, "आला गं बाई, आला वर. खोकतोय."

पंपघरातून परतलेल्या धाकट्या साहेबांना खुर्चीत बसवून, ह्या अक्षराकडे बघत राहा, कशालाही हात लावू नका, असं सांगून ती काठावर गेली. भाऊ तराफ्यावर पाय सोडून बसला होता. मुखवटा बाजूला. डाव्या दंडावर जाळीचे चौकोन उमटले होते, रबर फाडून आत कातडीवर. एक हातमोजा नव्हता. ओठ निळे. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं हसायला म्हणून तोंड उघडलं, पण दातच वाजायला लागले.

"काहीतरी ओढलं मला," तो म्हणाला. "मी म्हटलं, कुणी हात धरला."

"मी खिडकी बंद केली," ती म्हणाली.

"कुठली?"

"राखण्याची. निजलेला होता. कुणी चुकून उठवील म्हणून मी बंद केली. आणि तो उठला."

दोरकाका दोर गुंडाळायचं सोडून उभे. तळं पुन्हा आरशासारखं.

"तू आत जा, ताई," तो शेवटी म्हणाला. "ऊन फार आहे."

त्यानं ताई म्हटलं. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ताई म्हटलं.

मास्तरांना तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं.

"खिडकी जाताना दोन हाका जातात," मास्तर म्हणाले. "पहिली, घर मोडलं, चला. पण जी निजलेली असतात त्यांना ती ऐकू कशी येणार? म्हणून त्यांना दुसरी हाक, उठा. मी बोळे घातले ते पहिल्या हाकेपुरते. दुसरी त्याच्या कानात गेली. घर मोडल्याचं त्याला कळलंच नाही, नुसतं उठायचं कळलं. उठला, टाकी बघितली, रिकामी दिसली..."

"लावला पंप."

"लावला." मास्तर खोल श्वास घेऊन म्हणाले, "माझ्याही ध्यानात नव्हतं गं हे. निजलेल्याची खिडकी कुणी बंद करील, हे मनातच आलं नाही. कोण करील असं?"

"मी," ती म्हणाली. मास्तरांना तसं म्हणायचं नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं.

चौकशी झाली. मोठे साहेब तिला बोलले, पण फार नाही, कारण मोडक्या दांड्याबद्दलचं तिचं पत्र त्यांच्याच टेबलात होतं. दांडा मग असा आला की जसा काही कोपऱ्यावरच उभा होता. नवं कुलूप आलं. खटका खाली ओढायचा, कुलूप लावायचं, आणि किल्ली उतरणाऱ्याच्या गळ्यात. तो वर आल्याशिवाय वीज नाही. आता राखण्या उठो की नाचो.

म्हणजे आता भ्यायचं काही कारण नव्हतं. घरी नवरा तेच म्हणाला. "सुटलीस बघ. आता तरी नळ जरा हळू आवळ." तिनं तो हळू आवळला, आणि अंथरुणात पडून थेंब मोजत राहिली.

जाळी पुन्हा भरली. भरायचीच. दंडावरचे चौकोन पिवळे पडून गेले होते तोवर. भाऊ पोशाख पुरता चढवून, गळ्यापर्यंत चेन ओढून आला. दारात नाही थांबला. आत आला, खुर्चीच्या मागे उभा राहिला. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात होती, तिच्यावर त्याची मूठ.

"निजला?"

"निजला."

"दाखव."

तिनं यादी मागितली. नावासमोर बोट ठेवलं. तो वाकून बघत राहिला. त्याच्या रबराचा वास, आणि श्वास, तिच्या मानेवर.

"आणि त्याची खिडकी?"

"ही काय. उघडी."

"राहू दे उघडी."

"राहीलच."

"खटका मी ओढलाय," तो म्हणाला. "कुलूप लावलंय. हलवून बघितलंय."

"बरं केलंस."

तो गेला. त्याची पावलं व्हरांड्यात वाजली, पायरीपर्यंत गेली, आणि थांबली. मग परत आली. तो पुन्हा दारात.

"कुलूप पुन्हा बघून येतो एकदा," तो म्हणाला. "मग तू यादी पुन्हा काढ."

ही चाल तिच्या ओळखीची होती. उंबऱ्यातून मागे फिरायचं, हात लावायचा, पुन्हा फिरायचं. इतकी वर्षं ही चाल घरात फक्त एका माणसाची होती. हौदाच्या काठावर खिदळणाऱ्या पोराची ती कधीच नव्हती. ती तिनं त्याला दिली होती, एका बंद केलेल्या खिडकीतून.

तो कुलूप बघून आला. तिनं यादी काढली. टी.

"अरे," ती म्हणाली, "भागूबाई म्हण की एकदा."

तो हसला नाही. किल्लीवरची मूठ तशीच. बाहेर दोरकाका तराफ्याशी वाट बघत होते, हाक न मारता.

"वर आल्यावर म्हणतो," तो म्हणाला, आणि गेला.

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. नवा पेला टेबलाच्या मधोमध सरकवला. मग वॉकीटॉकी खाकरली.

"उतरला."